वावडं नाही, सोडलंय

सुमतीबाईंना कोणी फोन नंबर विचारावा आणि त्यांनी आढ्याकडे बघत बसावं, असं आजवर कधी झालं नव्हतं.

त्यांची सगळी नोकरी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. नौपाड्यातल्या निम्म्या बिऱ्हाडांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते आणि निवृत्त झाल्यावरही ते डोक्यातून हलायचं नाव घेत नव्हते. रस्त्यात कोणी भेटलं की आधी नंबर आठवायचा, मग नाव. त्यांच्या घरात फोनची डायरी कधी आलीच नाही. "डायरी कशाला? ही बसलीये ना," असं त्र्यंबकराव पाहुण्यांना ऐकवायचे. त्यात बायकोचं कौतुक थोडं आणि फुकटात सोय झाल्याचा आनंद जास्त असायचा.

अशा बाईला गिरणीवाल्यानं विचारलं, "काकी, नंबर सांगून ठेवा, दळण झालं की फोन करतो." सुमतीबाईंनी तोंड उघडलं. पहिले दोन आकडे आले, पुढे सगळं कोरं. स्वतःच्या घरचा नंबर, बालवाडीतल्या मुलीला पाठ करायला लावावा इतका साधा, आणि तो जिभेवर येईना. गिरणीवाला पेन धरून उभा. मागच्या बाईनं डबा या हातातून त्या हातात घेतला. "राहू दे, मीच येते थोड्या वेळानं," असं म्हणून त्या बाहेर पडल्या आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, बाई दमल्यात. घरी पोचल्यावर नंबर आपोआप आठवला, पण त्याचा काय उपयोग?

त्यांना भीती होती ती एकाच गोष्टीची. त्यांची आई शेवटची काही वर्षं कोपरला, धाकट्या बहिणीकडे, नंदाकडे होती. सुमतीबाई भेटायला गेल्या की आई सावरून बसायची, पदर नीट करायची आणि अगदी अदबीनं विचारायची, "आपण कुठल्या?" पोटच्या मुलीला "आपण"! आई ओरडली असती, चिडली असती, तरी चाललं असतं. त्या अदबीनं सुमतीबाईंचं काळीज फाटायचं. आता तीच वेळ आपल्यावर येणार, एक दिवस आपण सलिलला, आपल्या मुलाला, "बसा ना, चहा घेणार?" असं विचारणार, हे त्यांनी त्या पायरीवर बसल्याबसल्या नक्की करून टाकलं. आणि घरात कोणाला काही कळू द्यायचं नाही, हेही.

लपवायला आता पुष्कळ काही साठलं होतं. तळपायांना सारख्या मुंग्या यायच्या. भांडी घासणाऱ्या शकूला हाक मारायला जावं, तर नावच सापडायचं नाही. मग "अगं, ऐक ना" वर भागवायचं. जीभ लाल, गुळगुळीत झाली होती आणि तिखटाच्या नुसत्या वासानं चरचरायची. एके काळी भाकरीबरोबर लसणीच्या चटणीचा गोळा मिटक्या मारत खाणारी ही बाई, हल्ली मऊ भात, साखर आणि केळी यांपलीकडे कशाला हात लावत नव्हती. आमटी अळणी व्हायची, नाहीतर खारट. त्र्यंबकराव मुकाट जेवायचे. ज्या माणसानं उभ्या जन्मात आमटीला नावं ठेवल्याशिवाय हात धुतले नाहीत, तो मुकाट जेवतोय, याचं खरं तर सुमतीबाईंना नवल वाटायला हवं होतं. पण तेव्हा त्यांना कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं.

चहा तेवढा पूर्वीसारखाच, म्हणजे कोरा. त्यांनी दूध सोडलं होतं.

त्याची हकीकत अशी. काही वर्षांपूर्वी त्र्यंबकरावांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. बरे झाल्यावर नवराबायको काशीला जाऊन आले. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू कायमची सोडायची असते. आता या "आवडीची" शब्दावर माणसं काय काय चलाख्या करतात, ते विश्वनाथ रोज बघत असेल. त्र्यंबकरावांनी पडवळ सोडलं. लग्न झाल्यापासून पडवळाचा तुकडा त्यांनी ताटात ठेवून घेतला नव्हता. त्या दिवशी गंगेच्या काठावर उभं राहून त्यांनी त्याचा त्याग केला आणि वर चेहरा असा केला, जसं काही राज्य सोडलं. सुमतीबाईंनी दूध सोडलं. दूध म्हणजे दूध, दही, ताक, पेढा, खरवस, श्रीखंड, सगळं. दुधाच्या बाबतीत ही बाई मांजर होती. साय तर तिनं कधी भांड्यात टिकू दिली नव्हती. तूप चालेल का, यावर घरात वाद झाला, तेव्हा गुरुजींनी निकाल दिला की तूप अग्नीतून तावून येतं, त्याला दोष नाही. तेवढं एक राहिलं.

आत्याबायांनी कौतुक केलं, सुनेनं दह्याशिवाय कोशिंबीर करायला शिकून घेतलं, आणि त्र्यंबकरावांनी "आमच्या कोऱ्या चहाच्या बाई" म्हणून चिडवायला सुरुवात केली. दूध का सोडलं, हे मात्र सुमतीबाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खुर्चीवर बसून त्यांनी मनात म्हटलं होतं, यांना परत दे, मी माझं सगळ्यात आवडतं ते सोडीन. नवस बोलून दाखवला की त्यातलं पाणी जातं, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे नवरा जिवंत फिरतोय तो आपल्या कोऱ्या चहावर, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

सुनेच्या डोळ्यांतून मात्र काही सुटत नाही. हेमांगी आणि सलिल घोडबंदर रोडला एका उंच इमारतीत राहायचे आणि एक रविवार आड नौपाड्यात यायचे. त्या रविवारी सुमतीबाई तव्यावर पोळी टाकून उभ्या होत्या आणि हात हवेत फिरवत म्हणाल्या, "हेमांगी, ते दे गं... ते... उलटायचं."

"उलथनं?"

"तेच."

हेमांगीनं उलथनं दिलं. पोळी उलटली. थोड्या वेळानं सुमतीबाईंनी पुन्हा हात पुढे केला, "नंदा, ते दे गं, उलटायचं." उलथनं त्यांच्या दुसऱ्या हातात होतं.

हेमांगीनं गॅस बंद केला. "आई, हे कधीपासून होतंय?"

"काय कधीपासून? वय झालं की होतंच. तुझंही होईल."

"होईल तेव्हा होईल. मी उद्या अपॉइंटमेंट घेते. मागच्या वेळी मी बोललेले ना तुम्हाला, तुमचं वजन किती उतरलंय? तुम्ही हसण्यावारी नेलंत."

"मला कुठल्या डॉक्टरकडे जायचं नाही," सुमतीबाई म्हणाल्या, आणि मग एकदम त्यांचा बांध फुटला. "डॉक्टर काय सांगणार? आईचं झालं तेच सांगणार. नाव दिलं की ते खरं होतं, हेमांगी. नाव देऊ नको त्याला."

हेमांगीनं सासूला जवळ घेतलं. पण अपॉइंटमेंट तिनं घेतलीच.

नौपाड्यातल्या डॉक्टर शिवानी वयानं लहान, बोलायला गोड आणि प्रश्न विचारायला चिवट. एका बाजूला त्र्यंबकराव, दुसऱ्या बाजूला हेमांगी, मध्ये शाळेत उभ्या केलेल्या मुलीसारख्या सुमतीबाई. आज वार कुठला, महिना कुठला, शंभरातून सात वजा करत या. सुमतीबाई त्र्याण्णववर आल्या आणि तिथेच थांबल्या. एके काळी या बाईच्या डोक्यात अर्धं ठाणं राहत होतं. त्यांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी पाय तपासले, जीभ बघितली, आणि मग खाण्यापिण्याची चौकशी केली.

"जेवण काय असतं?"

"साधंच. शाकाहारी," हेमांगी म्हणाली.

"अंडं?"

"छे, छे," तिघंही एकदम.

"काही पथ्य? काही बंद केलंय मधे?"

"पथ्य नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "आमच्या घरात पथ्य फक्त मला."

"कशाचं वावडं? दूधबीध चालतं ना?"

"चालतं की," सुमतीबाई म्हणाल्या. "दुधाचं कसलंच वावडं नाही मला."

त्र्यंबकरावांनी मान डोलावली. हेमांगीनं मान डोलावली. यातलं कोणी खोटं बोललं नव्हतं, हीच तर गंमत. वावडं म्हणजे न सोसणं. दूध तर त्यांना जन्मभर सोसलं होतं. सोसलं नसतं तर सोडण्यात पुण्य ते काय? देवासाठी सोडलेली वस्तू डॉक्टरांच्या प्रश्नात येऊच शकते, हे तिघांच्याही स्वप्नात नव्हतं. आपल्याकडे पोट एका खात्यात असतं आणि देव दुसऱ्या, आणि दोन्ही खाती एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं आणि मेंदूचा फोटो काढून आणायला सांगितला.

फोटोसाठी सलिलनं सुट्टी घेतली आणि घोडबंदर रोडवरच्या एका केंद्रात तो दोघांना घेऊन गेला. वाटेत गाडी तुंबलेल्या रस्त्यावर इतका वेळ उभी राहिली की त्र्यंबकरावांचं राजकारण, क्रिकेट आणि सगळ्या नातेवाइकांच्या तब्येती बोलून झाल्या. सुमतीबाई खिडकीतून बघत होत्या. यंत्राच्या नळीत झोपवल्यावर वरून ठकठक सुरू झाली, तेव्हा भीती घालवायला त्यांनी जुने नंबर म्हणायला घेतले. एखाद्याचा पूर्ण यायचा, एखाद्याचा अर्धा, काहींची नुसती नावं. आपलं घर कोणीतरी आतून रिकामं करत चाललंय आणि आपण दारात उभ्या आहोत, असं त्यांना वाटलं. डोळ्यांतून पाणी कानात गेलं. ते पुसताही येत नव्हतं.

रिपोर्ट आले त्या दिवशी त्यांनी देवापुढे दिवा लावला, त्या कपाटातली नवी साडी नेसल्या आणि मनाशी म्हणाल्या, काय सांगायचंय ते नीट कपड्यांत ऐकू.

डॉक्टर शिवानींनी फोटो उजेडात धरला. "काकू, मेंदू छान आहे. वयाच्या मानानं फारच छान."

सुमतीबाईंना वाटलं, त्यांना दुसऱ्या कोणाचा फोटो मिळाला असावा.

"पण बी-ट्वेल्व्ह एकदम तळाला गेलंय. हे जीवनसत्त्व नसेल तर नसा उपाशी राहतात, जीभ सोलवटते, पायाला मुंग्या येतात, नावं आठवत नाहीत. खावंसं वाटत नाही, आणि नाही खाल्लं की आणखी खालावतं. तुमचं सगळं त्यात बसतंय. मला कोडं पडलंय ते वेगळंच." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "शाकाहारी माणसाला हे मिळतं ते दुधादह्यातून. तुम्ही ते घेता, तरी इतकं कमी? म्हणजे पोटच ते शोषून घेत नसणार. दुर्बीण घालून बघावं लागेल."

"घालून?" त्र्यंबकरावांचा हात छातीकडे गेला, जसं काही दुर्बीण त्यांनाच घालणार होते.

"पण डॉक्टर," सुमतीबाई म्हणाल्या, "मी दूध घेते कुठे?"

डॉक्टरांनी रिपोर्टावरून मान वर केली.

"काकू, परवा तुम्हीच म्हणालात, दूध चालतं."

"चालतं. वावडं नाहीच मुळी. सोडलंय."

"सोडलंय म्हणजे?"

"काशीला."

डॉक्टर शिवानींनी पेन खाली ठेवलं आणि आधी हेमांगीकडे, मग त्र्यंबकरावांकडे बघितलं. हेमांगीनं कपाळावर हात मारून घेतला. "आई गं! मी बिनदह्याची कोशिंबीर करते यांच्यासाठी. कितीतरी वर्षं करते. आणि इथे बसून मान हलवली मी!"

"दही? ताक? पनीर?"

"दुधाचं काहीच नाही. तूप तेवढं घेते. गुरुजींनी सांगितलं, चालतं."

"गुरुजींचं बरोबर असेल," डॉक्टर म्हणाल्या, "पण तुपात हे जीवनसत्त्व नसतं हो. अंगात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. तुमचा तेवढी वर्षं पुरला आणि संपला." मग त्या हसायलाच लागल्या, आणि सुमतीबाईंना इतक्या महिन्यांत कोणाचं हसणं इतकं गोड लागलं नव्हतं. "दुर्बीण आता राहू दे. आधी इंजेक्शनं देऊ. सगळ्यांचं विसरणं यातून येत नाही, काकू, आणि मी तुम्हाला सगळंच्या सगळं परत येईल असं वचन देत नाही. पण तुमच्या आईचं होतं ते हे दिसत नाही. रोज दूध घ्या, म्हणजे पुढेही..."

"दूध नाही घेणार मी."

"काकू, देव काही रागावत नाही."

"देवाचा प्रश्न नाही." सुमतीबाईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि मग समोरच्या भिंतीकडे बघत सांगून टाकलं. "यांच्यासाठी सोडलंय. यांचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा. मी दूध घेतलं आणि यांना काही झालं, तर डोकं शाबूत ठेवून मी करू काय?"

त्र्यंबकरावांना हे नवीन होतं. बोलण्यात कधी मागे न पडणारा हा माणूस हळूच म्हणाला, "माझ्यासाठी? आणि मी पडवळ सोडून आलो, सुमती."

"तुमचं माहितीये मला."

"मी सांगतो, पी दूध. मी मोकळी करतो तुला."

"तुम्ही कोण मोकळी करणारे? बोलणं माझं आणि त्याचं झालंय. मध्ये पडू नका." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या आणि मनात अडकलेला खरा प्रश्न त्यांनी विचारला. "त्या इंजेक्शनात दूध नसतं ना?"

"एक थेंबही नाही," डॉक्टर शिवानी म्हणाल्या. "लाल रंगाचं असतं. आधी इंजेक्शनं, मग गोळ्या, त्या कायमच्या. तुमचा शब्दही राहील आणि डोकंही."

हे ऐकल्यावर सुमतीबाई रडल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, पोटभर रडल्या. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. हेमांगी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःही रडत होती. पहिलं इंजेक्शन त्यांनी लगेच, तिथेच घेतलं. दुखलं, तरी त्यांना बरं वाटलं.

फरक एका रात्रीत पडला नाही. आधी जिभेची आग कमी झाली. मग एके दिवशी दुपारी त्यांना एकाएकी लसणीची चटणी खावीशी वाटली, इतकी की त्या उठल्या, खलबत्ता काढला आणि कुटायला बसल्या. भूक लागणं ही काय चीज असते, ते त्या विसरूनच गेल्या होत्या. मुंग्या थोड्या राहिल्या, त्या राहणार म्हणाल्या डॉक्टर. शकूला एक दिवस नावानं हाक गेली. दोघींच्याही ते लक्षात आलं नाही. शकू आली आणि भांडी घासायला लागली.

मग नंदाच्या नातवाच्या बारशाच्या निमित्तानं सगळी मंडळी नौपाड्यात जेवायला जमली. पानं वाढली, आणि जिलबी आली तशी त्र्यंबकरावांनी घसा साफ केला.

"जिलबी बघितली की मला आमचं लग्न आठवतं," ते नंदाच्या सुनेला सांगू लागले. "कल्याणला होतं. हिच्या माहेरच्यांनी जिलब्या मोजून केलेल्या. शेवटच्या पंगतीला एक शिल्लक नाही! आमच्याकडची पन्नास माणसं हात धुऊन गोडाशिवाय उठली."

"कल्याणला नव्हतं," सुमतीबाई म्हणाल्या. त्या भात वाढत होत्या. "डोंबिवलीला होतं. आणि जिलब्या कमी पडल्या नव्हत्या. तुमच्या आत्यांनी पहिल्या पंगतीनंतर दोन डबे भरून नेल्या. माझ्या बाबांनी बघितलं, पण मुलीची बाजू म्हणून गप्प बसले. आणि पन्नास माणसं कुठली? अठरा होती. त्यातले दोघे तर आगंतुकच होते."

सगळे हसले. त्र्यंबकराव हसले नाहीत. त्यांचा घास हातातच राहिला आणि डोळे भरून आले, सगळ्यांच्या देखत.

"अहो, काय झालं?" सुमतीबाई घाबरल्या. "लागलं का तुम्हाला? मी आपलं सहज..."

"मागच्या दिवाळीत मी म्हटलं, लग्न कल्याणला झालं. तू काही बोलली नाहीस," त्र्यंबकराव म्हणाले. "मग मी मुद्दामच सांगायला लागलो. पन्नास म्हटलं, शंभर म्हटलं. तुझे बाबा चिक्कू होते, असंही म्हणून बघितलं. माहेराबद्दल कोणी ब्र काढला तर तू फाडून खायचीस, सुमती. आणि तू नुसती 'हो' म्हणायचीस. मी रोज एक चूक करून बघायचो, आज टोकशील म्हणून. मला वाटलं, गेलीस तू."

सुमतीबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. आपण लपवतोय असं समजून त्या सगळे दिवस एकट्याच घाबरत होत्या, आणि हा माणूस शेजारच्या खुर्चीत बसून अळणी आमटी पीत, मुकाट, त्यांच्याइतकाच घाबरत होता. त्यांनी डाव खाली ठेवला आणि त्या नवऱ्याशेजारी बसल्या.

त्र्यंबकरावांनी डाव्या हातानं डोळे पुसले. "आणखी काय काय चुकीचं सांगितलं मी?"

"तुम्ही जेवून घ्या आधी," सुमतीबाई म्हणाल्या. "वेळ लागेल."